बाळाचा पहिला कप: निवडायचा कसा, शिकवायचा कसा

आमच्या स्वयंपाकघरात एक खण आहे. त्यात नऊ झाकणं, चार स्ट्रॉ, तीन रबरी झडपा आणि फक्त दोन कप आहेत. कुठलं झाकण कुठल्या कपाचं, हे आता घरात कुणालाच सांगता येणार नाही. थोरलीच्या वेळी आम्ही कप निवडला असा नाहीच, नुसते आणत गेलो. एक गळला म्हणून दुसरा, दुसरा तिला ओढताच येईना म्हणून तिसरा. धाकट्याच्या वेळी दोनच घेतले आणि ते पुरले. रात्रीची भांडी माझ्याकडे असतात, त्यामुळे कुठल्या कपाच्या कुठल्या सांदीत दूध अडकतं याची मला गरजेपेक्षा जास्त माहिती आहे.

नव्या आईबाबांना एकच सांगतो. कप हातात घेतलात की आधी स्वतःला विचारा, हा कुणाच्या सोयीसाठी आहे? न सांडणाऱ्या कपाची गोष्टच बघा. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या रिचर्ड बेलांजर नावाच्या एका मेकॅनिकल इंजिनियरचा मुलगा कप घेऊन घरभर हिंडायचा आणि मागे ओघळ सोडत जायचा. ते पुसून पुसून कंटाळलेल्या बापाने, ओढल्यावरच उघडणाऱ्या झडपेचं झाकण तयार केलं. पुढे एका मोठ्या कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि असे कप घरोघरी पोचले. म्हणजे हा शोध लागला तो फरशी कोरडी राहावी म्हणून. त्यात वाईट काही नाही. गाडीत बसलेल्या दीड वर्षाच्या मुलाच्या हातात उघडा पेला द्यायची माझीही छाती नाही. पण फरशीसाठी घेतलेला कप बाळाला पिणं शिकवेल अशी आशा धरू नका.

म्हणून माझा हिशेब असा: घरी बसून शिकायला एक छोटा उघडा कप, बाहेर न्यायला झाकणाचा एक स्ट्रॉवाला कप. बाकी सगळी हौस.

आधी बाळ तयार आहे का ते बघा

साधारण सहा महिने पूर्ण झाले आणि वरचं खाणं सुरू झालं की कपाची ओळख करून द्यायला हरकत नाही. त्याआधी बाळाला पाणी लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही पहिले सहा महिने फक्त आईच्या दुधाचा आहे, आणि पावडरचं दूध पिणाऱ्या बाळाचं पाणीही त्या दुधातूनच भागतं. इवल्याशा पोटात पाणी भरलं तर तेवढं दूध कमी जातं, आणि पाणी फारच झालं तर रक्तातलं सोडियम घसरून ते जिवावर बेतू शकतं. उन्हाळा असो वा नसो, या बाबतीत घरातल्या कुणाचंही ऐकू नका.

वयाइतकंच बाळाकडेही बघा. थोड्या आधाराने का होईना, ते ताठ बसतं का? मान स्थिर आहे का? वस्तू उचलून तोंडात घालतं का? तुम्ही पाणी पिताना तुमच्या भांड्याकडे झेपावतं का? ही चारही लक्षणं दिसली की सुरुवात करा. बाळ मुदतीआधी जन्मलेलं असेल तर महिने मोजताना प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजायचे की जन्माच्या, हे डॉक्टरांना विचारून घ्या. टाळू दुभंगलेला असेल, गिळायला त्रास असेल, तर कपाचा प्रकारही त्यांनाच ठरवू द्या. रुग्णालयात अगदी लहानग्या, अशक्त बाळांनाही पेल्याने दूध पाजतात. ते तंत्र निराळं आहे आणि परिचारिकेकडून शिकल्याशिवाय घरी करून बघू नये.

अपेक्षा किती ठेवायच्या? अमेरिकेतल्या सीडीसी या आरोग्यसंस्थेने २०२२ मध्ये मुलांच्या विकासाच्या टप्प्यांची यादी सुधारली. त्यात एक वर्षाच्या मुलासाठी लिहिलं आहे की तुम्ही धरलेल्या, झाकण नसलेल्या कपातून ते पितं. दीड वर्षाच्या मुलासाठी लिहिलं आहे की ते असा कप स्वतः धरून पितं आणि कधीकधी सांडतं. हे शेवटचे तीन शब्द मला फार आवडतात. सांडणं हे त्या टप्प्यातच धरलेलं आहे.

कपांच्या जाती

*उघडा कप.* दिसायला सगळ्यात साधा आणि शिकायला सगळ्यात मोलाचा. स्तन किंवा बाटली चोखताना जीभ पुढेमागे होत दूध ओढते. कपातून पिताना काम बदलतं: खालचा ओठ काठाला टेकतो, वरचा ओठ खाली येऊन पाण्याला लागतो, जबडा स्थिर राहतो, जीभ मागे सरून घोटाला जागा करते आणि मग तिचं टोक वर उचललं जाऊन घोट मागे जातो. मोठेपणी आपण सगळे असंच पितो. हे सगळं एका घोटात जुळवणं बाळाला अवघड जातं, म्हणून तर सांडतं.

या कामाला मोठ्यांचा पेला नको. बाळाच्या चेहऱ्याला मोठा पेला लावला की काठ नाकावर आपटतो, मग बाळ मान मागे टाकतं आणि ठसका लागतो. ५० ते १०० मिलिलिटर मावेल एवढा, थोडा बुटका आणि पसरट कप घ्या. बूड जरा जड असलं तर चटकन कलंडत नाही. काठ गुळगुळीत हवा. फार जाड काठावर ओठ नीट मिटत नाहीत. काही कपांना एका बाजूला नाकासाठी खाच दिलेली असते, ती खरंच उपयोगी आहे. कप पारदर्शक असेल तर पाणी ओठापर्यंत आलं की नाही ते तुम्हाला बाहेरून दिसतं. दोन कान असावेत का? असले तर बरं, पण अडायचं कारण नाही. धाकटा दोन्ही तळव्यांत कप दाबून धरायचा आणि कानांकडे त्याने कधी ढुंकूनही पाहिलं नाही.

*स्ट्रॉचा कप.* बाहेर न्यायला हाच. स्ट्रॉ भोवती ओठ गोल आवळावे लागतात, गालांनाही काम मिळतं. बहुतेक बाळांना नऊ महिन्यांच्या आसपास जमतं, काहींना त्याआधीही. स्ट्रॉ मऊ सिलिकॉनची हवी आणि ओठांच्या आत जेमतेम पाऊण सेंटिमीटर जाईल एवढीच. लांब स्ट्रॉ जिभेवर मागेपर्यंत गेली की बाळ तिला निपलसारखंच चोखतं, मग काही फायदा उरत नाही. लांब असेल तर खालून कापता येते का ते बघा. तोंडाकडचं टोक मात्र कापू नका, त्याची कड टोचते. टोकाला वजन लावलेली स्ट्रॉ मिळते. कप कसाही वाकडा केला तरी ती पाण्यात बुडलेली राहते आणि लहान बाळांना तिने पिणं सोपं जातं. धुणाऱ्याला मात्र एक भाग वाढतो. धातूची स्ट्रॉ चालत्या-पळत्या मुलाला देऊ नका. पडलं तर ती टाळूत घुसते.

*तोटीचा सिपर.* टणक तोटी म्हणजे बाटलीच्या निपलचंच कडक रूप. ती जिभेच्या टोकावर बसते आणि टोकाला वर उचलू देत नाही, म्हणून बरेचसे वाक्-भाषा उपचारतज्ज्ञ उघड्या किंवा स्ट्रॉच्या कपाला पसंती देतात. याचा अर्थ सिपर पाहिला की धसका घ्यावा असा नाही. कधीमधी, थोडा वेळ वापरला तर कुणाचं बोलणं अडत नाही. पण दोन वर्षांचं मूल दिवसभर तोच तोंडात धरून फिरत असेल तर आता बदला. तोटीच घ्यायची असेल तर मऊ, आणि झडप काढून टाकता येईल अशी.

*३६० अंशाचा कप.* वरून सपाट झाकण, कुठल्याही बाजूने ओठ लावला की पाणी येतं, सोडलं की बंद. दिसतो उघड्या कपासारखा, पण काही मुलं ओठाने दाबण्याऐवजी काठ दातांत चावून पाणी काढतात. आमच्या थोरलीने तेच केलं. रात्री उशाशी पाणी ठेवायला बरा.

हातात घेऊन काय तपासायचं

पहिली गोष्ट, कप पूर्ण सुटा करून बघा. किती तुकडे झाले ते मोजा. उघड्या कपाचा एक, साध्या स्ट्रॉवाल्याचे तीन-चार; सहाच्या पुढे गेलात तर रात्री अकरा वाजता सिंकपाशी मला आठवाल. जो भाग नखाने उकरूनही निघत नाही आणि ज्याच्या आत बोट किंवा ब्रश पोचत नाही, तो कप ठेवून द्या. यावर माझी तडजोड नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत एका कंपनीला झडपेत बुरशी धरते म्हणून तीस लाखांहून जास्त सिपर परत मागवावे लागले होते. ती झडप उघडून आतून धुता येत नव्हती, एवढंच कारण.

दुसरी, घरी आणून धुतल्यावर त्यातून आधी तुम्ही प्या. हे फार थोडे लोक करतात. गाल आत ओढून जोर लावावा लागला, तर बाळाचं काय होत असेल? कित्येक ‘बाळ पाणीच पीत नाही’ या तक्रारींचं मूळ अशा घट्ट झडपेत असतं. झडप काढून बघा. मग तो गळेल, पण बाळ पिईल.

तिसरी, गळती. कप अर्धा भरा, बंद करा, सिंकवर उपडा धरून झटका द्या. मग बंद कप आडवा करून दहा मिनिटं पडू द्या. झटक्याला न गळणारे कप पिशवीत आडवे पडले की हळूहळू गळतात. आणखी एक गंमत: स्ट्रॉच्या घट्ट बंद कपात कोमट काही भरलं की आतली हवा फुगते आणि झाकण उघडताच स्ट्रॉमधून कारंजं उडतं. विमान वर गेल्यावरही हेच होतं. उघडण्याआधी झाकण किंचित सैल करायचं.

चौथी, वजन. २०० मिलिलिटर पाणी म्हणजे २०० ग्रॅम, वर कपाचं वजन. हे सगळं आठ-नऊ किलोच्या बाळाने एका हाताने उचलायचं. मोठा कप घेऊन ‘पुढे वापरता येईल’ हा विचार करू नका.

सुटे होणारे बारीक तुकडे, चिकटवलेली चित्रं, गळ्यात अडकवायची दोरी, हे काहीही नको. अमेरिकेत तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासायला ३१.७ मिलिमीटर व्यासाचं एक नळकांडं वापरतात. त्यात जो तुकडा पूर्ण मावतो तो घशात अडकू शकतो असं धरतात. कपाच्या सुट्या भागांनाही हाच नियम लावून बघा. लेबल वाचायची सवय असेल तर ईएन १४३५० हे युरोपचं मानक लक्षात ठेवा. ते खास मुलांच्या पिण्याच्या साधनांसाठी आहे.

कशाचा कप घ्यावा

प्लास्टिक घ्यायचं असेल तर बुडाशी त्रिकोणात ५ हा आकडा शोधा, ते पॉलिप्रॉपिलीन. ७ हा आकडा ‘इतर’ प्लास्टिकचा. त्यात चांगलंही येतं आणि ज्यातून बिस्फेनॉल-ए हे घातक ठरू शकणारं रसायन झिरपू शकतं ते पॉलिकार्बोनेटही येतं. अमेरिकेने २०१२ मध्ये बाटल्या आणि सिपरमध्ये अशा पॉलिकार्बोनेटच्या वापराची परवानगी काढून घेतली. युरोपीय संघाने बाटल्यांवर २०११ मध्येच बंदी आणली होती, ती २०१८ मध्ये लहान मुलांच्या कपांनाही लावली. त्यामुळे माहितीच्या कंपनीचा नवा कप घेताना ही काळजी बरीच कमी झाली आहे. माळ्यावरून काढलेला, कुणाच्या तरी दादाचा जुना कप मात्र वापरू नका.

पॉलिप्रॉपिलीन गरम सोसतं, पण त्यात गरम टाकू नये. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिलं की या प्लास्टिकच्या बाटल्यांमधून प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण सुटतात, काहींतून लिटरमागे १.६ कोटींपर्यंत, आणि पाणी जितकं गरम तितके कण जास्त. दूध काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात तापवायचं, निववायचं, मग कपात ओतायचं. मायक्रोवेव्हमध्ये प्लास्टिकचा कप ठेवायचा नाही. मेलामाइनच्या रंगीत पेल्यांनाही हीच अट.

सिलिकॉन मऊ, पडलं तरी आवाज नाही, म्हणून पहिल्या उघड्या कपाला उत्तम. त्याचा एकच दोष, साबणाचा वास धरून ठेवतं. बिनवासाचा साबण वापरा आणि नीट निथळा.

स्टील टिकतं, गंध धरत नाही, वर्षानुवर्षं चालतं. एकाच पत्र्याचा साधा पेला असेल तर काही बघायचं नाही. दुहेरी भिंतीच्या, थंड-गरम टिकवणाऱ्या कपांचं बूड मात्र तपासा. काहींमध्ये हवा काढून घेतल्यावर बुडाचं छिद्र शिशाच्या टिपक्याने बंद करतात आणि वरून चकती लावतात. ती चकती निघाली की शिसं उघडं पडतं. २०२२ आणि २०२३ मध्ये अमेरिकेत मुलांचे असे काही कप याच कारणाने परत मागवले गेले. बुडाची चकती हलत असेल तर तो कप घरातून काढा.

काच स्वच्छ, पण फुटते. टेबलाशी बसून, समोर मोठं माणूस असताना, जाड काचेचा इवला पेला द्यायला हरकत नाही. मुलाला वस्तू जपून धरायची सवय लागते. पहिल्या आठवड्यात मात्र नको.

उघड्या कपाने शिकवताना

१. बाळाला ताठ बसवा, पायाखाली काहीतरी टेकू असू द्या. लाळेरं बांधा, खाली टॉवेल पसरा. भूक किंवा झोप अनावर झालेली नसावी. चिडलेलं बाळ काहीही शिकत नाही.

२. रिकामा कप खेळायला द्या. एक-दोन दिवस चावू द्या, आपटू द्या.

३. कपात फक्त दोन-तीन चमचे पाणी घ्या. एवढंच. घरचे म्हणतील, ‘एवढ्याने काय होणार?’ दोन चमचे सांडले तर कुणी ओरडत नाही, हे होणार.

४. बाळासमोर तुम्ही तुमच्या भांड्यातून एक घोट घ्या, जरा दाखवून. मग त्याचा कप त्याच्या खालच्या ओठावर अलगद टेकवा आणि पाणी वरच्या ओठाला लागेल एवढाच तिरपा करा. तिथे थांबा. बहुतेक सगळे इथे चुकतात, कारण पाणी तोंडात ओतण्याचा मोह होतो. ओतायचं नाही. बाळाने ओठ हलवून ते स्वतः घ्यायचं आहे. पहिल्यांदा जीभ बाहेर काढून चाटेल, नाक बुडवेल, कपात बुडबुडे काढेल. तेही ठीक.

५. एक घोट झाला की कप खाली आणा. श्वास घेऊ द्या. मग पुन्हा.

६. बाळाचे हात कपावर ठेवून वरून तुमचे हात धरा. काही आठवड्यांत तुमची पकड आपोआप सैल होत जाईल.

दिवसातून एकदा-दोनदा, खाण्याबरोबर, पाच मिनिटं पुरतात. पाणी तोंडाला पातळ आणि चपळ लागतं. घोट आवरत नसेल तर त्याच्या रोजच्या खाण्यातलं काही किंचित दाट, गुळगुळीत करून कपातून द्या. दाट पदार्थ हळू सरकतो, तोंडाला तयारीला वेळ मिळतो.

स्ट्रॉ शिकवायची युक्ती वेगळी. स्ट्रॉ पाण्यात बुडवा, वरच्या टोकावर बोट दाबा, आत थोडं पाणी अडकेल. खालचं टोक बाळाच्या ओठांत द्या. ओठ मिटले की बोट उचला, पाणी तोंडात उतरेल. असं आठ-दहा वेळा झालं की नळीतून काहीतरी येतं हे त्याला उमगतं. मग बोट थोडं उशिरा उचला, म्हणजे तेच ओढायला बघेल. दाबला की पाणी वर चढतं असा मऊ कप असेल तर काम आणखी सोपं. थोरलीला यात नऊ दिवस लागले, धाकट्याने बहिणीचं बघून दुसऱ्या दिवशी ओढलं. तुलना करू नका म्हणतात, पण कोण करत नाही?

कपात काय आणि किती

सहा ते बारा महिन्यांत दिवसभरात १२० ते २४० मिलिलिटर पाणी पुरतं. तेही हळूहळू, कारण मुख्य अन्न अजून दूधच आहे. आईचं दूध किंवा पावडरचं दूध कपातून देता येतं. गाईचं दूध मुख्य पेय म्हणून वर्षानंतरच. पाण्यात किंवा दुधात मध वर्ष होईपर्यंत मुळीच घालू नका. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळांना बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

वर्ष झाल्यावर दूध दिवसाला साधारण ४८० ते ७२० मिलिलिटर. यापेक्षा जास्त दुधाने पोट भरतं, मूल जेवत नाही आणि लोह कमी पडतं. फळांचा रस अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ पासून वर्षाआतल्या बाळांना नकोच म्हटलं आहे, आणि एक ते तीन वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर १२० मिलिलिटर. तोही जेवणाबरोबर, उघड्या कपातून. यामागचं कारण दातांचं आहे. न सांडणारा कप हातात असला की मूल तासन्‌तास एकेक घोट घेत हिंडतं, आणि दुधातली किंवा रसातली साखर दातांवर सारखी लागत राहते. जेवणाच्या मधल्या वेळात कपात फक्त पाणी, हा एक नियम पाळलात तरी निम्मं काम झालं. पहिला दात दिसताच तांदळाच्या दाण्याएवढ्या फ्लोराइडच्या पेस्टने घासायला लागा.

हिंडता-फिरता पिणं आणखी एका कारणाने नको. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या १९९१ ते २०१० या वीस वर्षांच्या नोंदींवरून २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बाटली, चोखणी किंवा सिपर यांमुळे इजा होऊन तीन वर्षांखालच्या अंदाजे ४५ हजार मुलांना तातडीच्या विभागात न्यावं लागलं होतं. बहुतेकांच्या बाबतीत कारण एकच, ती वस्तू तोंडात असताना मूल पडलं. नुकतंच चालायला लागलेलं मूल दिवसाला कितीदा पडतं ते तुम्हाला माहीत आहे. प्यायचं तर बसून.

धुणं

दूध असलेला कप संपल्या-संपल्या थंड पाण्याने विसळा, मग साबण आणि गरम पाणी. आधीच गरम पाणी ओतलं की दुधाचा ओशट थर चिकटून बसतो. प्रत्येक भाग सुटा करा, झडप उलटी करा, स्ट्रॉमधून बारीक ब्रश फिरवा. पुसू नका, जाळीवर ठेवून हवेने पूर्ण वाळू द्या आणि वाळल्याशिवाय जोडू नका. ओल आत कोंडली की बुरशी आलीच. काळे ठिपके दिसले तर घासून पुन्हा वापरू नका, तो भाग फेका.

उकळणं रोज लागतंच असं नाही. दोन महिन्यांच्या आतलं बाळ, मुदतीआधी जन्मलेलं, किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं असेल तर रोज निर्जंतुक करायचं. कपाच्या वयाच्या धडधाकट बाळाला नीट धुणं पुरतं. आणि कपात उरलेलं पावडरचं दूध पिणं सुरू केल्यापासून तासाभरात ओतून द्या, आईचं दूध पिणं संपल्यावर दोन तासांत. जिवावर येतं, विशेषतः आईच्या, पण त्यात बाळाची लाळ मिसळलेली असते. म्हणून कपात दूध ओततानाच थोडं थोडं घ्यावं.

बाटली सोडवताना

बारा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान बाटली सुटावी असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असतो. एकदम बंद करणारे असतात, काहींना जमतंही. मला हळू गेलेलं बरं वाटतं: आधी दुपारची बाटली काढायची, त्या वेळेला कपात दूध. चार-सहा दिवसांनी सकाळची. झोपेच्या वेळची सगळ्यात शेवटी, कारण तिथे दुधापेक्षा कुशीची गरज असते. दूध झोपायच्या अर्धा तास आधी कपातून द्या, दात घासा, मग थोपटा. अंथरुणात बाटली किंवा सिपर देऊन निजवू नका.

कपातून दूध घेतच नसेल तर घाबरायचं नाही, पण ओरडायचंही नाही. आधी पाणी कपातून येऊ द्या. कधी दुसऱ्या कुणीतरी दिलं की मुकाट पितात, आईच्या हातून मात्र नाही. कपाचा रंग मुलालाच निवडू द्यावा असा सल्ला मिळेल. धाकट्याने निवडलेला रंग दुसऱ्या दिवशी त्याला नकोसा झाला.

काही बिनसलं तर

फेकणं. आठ-नऊ महिन्यांनी हा खेळ सुरू होतोच. वस्तू कुठे जाते हे त्याला बघायचं असतं. कप टेबलावर ठेवूच नका, घोट हवा असेल तेव्हा द्या आणि परत घ्या. नाहीतर ‘इथे ठेव’ म्हणून जागा बोटाने दाखवा. टेबलावर एक रंगीत गोल चिकटवा, चालतं. तिसऱ्यांदा फेकला की पिणं झालं असं समजा.

ठसका. सुरुवातीला कधीकधी लागणारच, बाळ स्वतः खोकून मोकळं होतं. पण दर वेळी ठसका लागत असेल, पिताना ओठ किंवा चेहरा निळसर पडत असेल, प्यायल्यावर आवाज घोगरा-ओलसर येत असेल, पाणी नाकातून येत असेल, किंवा छातीचे संसर्ग वारंवार होत असतील, तर कप बदलत बसू नका. थेट डॉक्टरांकडे जा. लघवी कमी झाली, ओठ कोरडे पडले, मूल मलूल झालं, तरीही तेच.

दोन वर्षांच्या आसपास बहुतेक मुलं साध्या छोट्या पेल्यातून बऱ्यापैकी पितात. तोपर्यंत स्ट्रॉवर चावल्याचे व्रण पडलेले असतात. दर महिन्याला ती ओढून, ताणून बघा. चीर दिसली तर बदला, कारण चावून सुटलेला सिलिकॉनचा तुकडा घशात जातो. ओरखडे पडून धूसर झालेलं प्लास्टिक काढून टाका. कप घेतानाच एक जादा स्ट्रॉ आणि एक जादा झडप घेऊन ठेवा, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला कपाचं नाव मार्करने लिहा. आमच्या खणातली ती नऊ झाकणं तशीच आहेत. कुणाला ओळखू आली तर घेऊन जा.